प्रश्न तुमचे : कराटे, तालीम की आठ दिवसांचं शिबिर?

स्वसंरक्षणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथं उत्तरं दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांची नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : पोरगी बारावीला आहे. नीटचा क्लास सुटून रूमवर यायला तिला रात्रीचे नऊ होतात. इथं एक कराटेचा क्लास आहे, ते म्हणतात चार वर्षांत ब्लॅक बेल्ट. दुसरीकडं आठ दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर लागायलंय, ते म्हणतात कराटे जुनं झालं, रस्त्यावर कामाला येत नाही. कुणाचं ऐकावं? — एक पालक, लातूर

उत्तर : दोघंही आपापला माल विकायलेत. प्रकार जुना की नवा, यावर फारसं काही अवलंबून नाही. समोरचा जोडीदार मनापासून विरोध करत असताना सराव होतो का, एवढंच बघायचं.

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान ही ज्युडोची शाळा काढली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले घाव घालायचे घातक प्रकार त्यांनी मोकळ्या झुंजीतून बाजूला काढले. वरवर बघता कला बोथट झाली. पण उरलेल्या फेकी रोज, पूर्ण ताकदीनं, झटापट करणाऱ्या माणसावर करता येऊ लागल्या आणि म्हणूनच त्या अंगात मुरल्या. ‘आमचे डाव इतके घातक आहेत की सरावात करताच येत नाहीत’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्या शिष्यानं तो डाव एकदाही खरा केलेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा.

आता शिबिराकडं बघू. शिबिरवाले बहुतेक वेळा क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचं नाव घेतात. ही पद्धत उभी करणारे इमी लिख्टेनफेल्ड मुळात कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धे होते. १९३०च्या दशकात ब्रातिस्लाव्हा शहरात ज्यूंवर हल्ले होऊ लागले, तेव्हा आखाड्यातलं काय रस्त्यावर टिकतं याची त्यांनी छाननी केली. पुढं इस्रायली सैन्यातल्या नव्या भरतीला थोड्या वेळात शिकवायचं म्हणून ती पद्धत आणखी सुटसुटीत झाली. म्हणजे या नव्या पद्धतीच्या मुळाशीही आखाड्याची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. आठ दिवसांत त्यातले चार-पाच प्रकार कळतात. ते अंगात उतरायला वेगळा वेळ लागतो आणि उजळणी नसली की तीन-चार महिन्यांत विसरले जातात.

तेव्हा पैसे भरण्याआधी दोन्हीकडं एक अख्खा तास कोपऱ्यात बसून बघा, आणि तेही प्रात्यक्षिकाचा दिवस सोडून. घड्याळ लावा. साठ मिनिटांपैकी किती मिनिटं मुलं अशा जोडीदारासमोर आहेत, ज्याचा पुढचा हल्ला त्यांना आधी माहीत नाही? आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं असेल तर कराटेचा तो क्लास चांगला समजा. सगळा तास रांगेत उभं राहून हवेत ठोसे आणि काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) चालत असतील, तर तो व्यायाम आहे, आणि व्यायाम म्हणून उत्तम आहे. दातांना गार्ड, हातात ग्लोव्हज, हातात धरायची पॅड या वस्तू वापरून मळलेल्या दिसल्या पाहिजेत. दर तीन महिन्यांनी बेल्टच्या परीक्षेची फी आणि गॅदरिंगला फरशा फोडणं, यावरून काहीही ठरवू नका. शिबिरातही हेच बघायचं. शेवटच्या दिवशी तरी प्रशिक्षक जाड पोशाख घालून मुलींना खराखुरा विरोध करतो का, की आठही दिवस एकमेकींचे मनगट हळूच धरून सोडवणं चालतं?

मुलीचं वेळापत्रक पाहता आमचा सल्ला असा : परीक्षेला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर शिबिर करू द्या आणि नंतर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं मैत्रिणीबरोबर उजळणी. वर्षभर हातात असेल तर ज्युडो, बॉक्सिंग किंवा संपर्कानं झुंज घेणारं कराटे, आठवड्याला दोन तास. ब्लॅक बेल्टची घाई नको.

अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस हे चित्र मात्र थोडं बाजूला ठेवा. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत बहुतांश आरोपी ओळखीतलेच असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दरवर्षी दाखवतात. रूमचा मालक, मेसवाला, नात्यातला कुणी, क्लासमधला कुणी. तिथं पहिला बचाव म्हणजे पहिल्याच खटकलेल्या गोष्टीला मोठ्या आवाजात ‘नाही’ म्हणणं आणि त्याच दिवशी घरी सांगणं. सांगितल्यावर ‘क्लास बंद कर आणि गावाकडं ये’ असं ऐकावं लागेल या भीतीनं मुली गप्प बसतात. ती भीती घालवणं तुमच्या हातात आहे, कुठल्याही प्रशिक्षकाच्या नाही.

प्रश्न : कॉलेजच्या शिबिरात मनगट सोडवायचा डाव शिकले. तिथं दर वेळी सुटायचा. घरी भावाला धरायला लावलं तर एकदाही सुटला नाही, उलट तो हसायला लागला. माझं वजन ४६, त्याचं ७४. डावच खोटा आहे का? — विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : डाव खरा आहे, पण तुमच्या जोडीदारणीनं तो तुम्हाला फुकट दिला. शिबिरात मनगट धरणारी मुलगी जागेवर उभी असते आणि सुटण्याची वाट बघते. भाऊ धरताक्षणी ओढतो. डाव उभा राहतो तो त्या ओढण्यावर.

भावानं तुमचं मनगट समोरून धरलं, की हात मागं खेचू नका. सरळ हातानं खेचलं की ४६ विरुद्ध ७४ अशी रस्सीखेच होते आणि ती तुम्ही हरणारच. तो ओढतोय त्या दिशेनंच अर्धं पाऊल पुढं टाका, गुडघे वाकवा, कोपर स्वतःच्या बरगडीला आणा. आता त्याच्या हाताकडं बघा. चार बोटं एका बाजूनं आणि अंगठा दुसऱ्या बाजूनं येऊन जिथं टेकतात, पकड तिथंच सर्वांत कच्ची असते. तुमच्या मनगटाची अंगठ्याकडची अरुंद कड त्या फटीसमोर येईल इतका हात फिरवा. मग हात ओढण्याऐवजी कोपर त्याच्या कोपराकडं रेटा. तसं केलं की तळहात आपोआप तुमच्या खांद्याकडं येतो आणि फटीतून निसटतो. त्यानं दोन्ही हातांनी धरलं असेल, तर दुसऱ्या हातानं स्वतःचीच मूठ पकडून वर घ्या. सुटल्यावर तिथंच थांबू नका. तिरकं दोन-तीन पावलं मागं, दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर, आणि आवाज. शिबिरात ‘सुटलं’ की डाव संपतो आणि मुलगी हात खाली सोडून उभी राहते. ही सवय घातक, कारण दुसरी पकड लगेच येते.

बिघडतं कुठं? बहुतेक वेळा गुडघे सरळ राहतात आणि सगळा जोर एकट्या हातातून येतो. मनगट उलट्या बाजूनं, म्हणजे बोटांकडं फिरवलं, तर पकड आणखी घट्ट बसते. काचेच्या बांगड्या फुटून कापतं, म्हणून सरावात काढा, पण घड्याळ ठेवा, कारण पट्ट्यावर पकड वेगळी बसते. आपल्याकडं आणखी एक गंमत होते. मे महिन्यात घामामुळं हात पटकन सुटतो आणि डाव जमला असं वाटतं. तोच सराव डिसेंबरात करून बघा.

दोनदा प्रयत्न करूनही सुटलं नाही, तर मनगट सोडून द्या, म्हणजे मनगटाचा विचार सोडून द्या. त्याचा एक हात तुमच्या मनगटात अडकलाय, तुमचा दुसरा मोकळा आहे. तळहाताचा टाचेसारखा खालचा भाग, बोटं मागं ओढून, खालून हनुवटीला किंवा नाकाला. बुटानं नडगीवर. लक्ष तिकडं गेलं की बोटं ढिली पडतात आणि तेव्हा वरचा डाव लागतो. मूठ का नको? सराव नसलेल्या माणसानं कवटीवर मूठ मारली तर करंगळीमागचं हाताचं हाड मोडतं. हे फ्रॅक्चर इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला मुष्टियोद्ध्याचं फ्रॅक्चरच म्हणतात. जुनी वाकळ घडी करून खांबाला बांधा आणि प्रत्येक हातानं वीस-वीस फटके मारा. मनगट वाकत नाही ना, तेवढं बघा.

आणि ओढणी. दोन्ही खांद्यांना पिन लावलेली ओढणी किंवा मानेमागं गाठ मारलेला स्कार्फ कुणी धरला, तर हा डाव लागू पडत नाही. पिन एकाच बाजूला ठेवा, म्हणजे ओढणी त्याच्या हातात राहील आणि तुम्ही सुटाल. गाडीवरून उतरल्यावर स्कार्फ सोडा. त्यानं बाजूचं दिसणं आणि ऐकू येणं दोन्ही कमी होतं.

भावाला सांगा, आधी निम्म्या जोरानं धर आणि ओढ, दहा वेळा. मग पाऊण. पूर्ण जोर महिन्यानं.

प्रश्न : पाच वर्षं तालमीत मेहनत केलीय, जत्रेतल्या कुस्त्याही मारल्यात. मित्र म्हणायलेत रस्त्यावर कुस्ती चालत नसती, एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) शिक. खरंय का? — एक पैलवान, निलंगा तालुका

उत्तर : पैलवान, मित्रांना एकदा तालमीत बोलवा. ज्या गोष्टीसाठी शहरातले लोक महिन्याला हजारो रुपये मोजतात, ती मराठवाड्यात गावोगावी मातीच्या हौद्यात मिळत आलीय : रोज, पूर्ण जोरानं, न ऐकणाऱ्या जोडीदाराशी झटापट. नामवंत मल्ल हरिश्चंद्र बिराजदार तुमच्याच तालुक्यातले. पाटोद्याच्या राहुल आवारेंनी २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण मिळवलं. तोल, पकड, मानेची ताकद आणि दुसऱ्याचं वजन अंगावर आलं तरी न घाबरणं, ही शिदोरी कुठल्याही शिबिरात मिळत नाही. हातघाईवर आलेला सामान्य माणूस पाच वर्षांच्या पैलवानासमोर टिकत नाही.

पण कुस्तीच्या नियमांनी तुम्हाला काही सवयी लावल्यात, त्या रस्त्यावर अंगलट येतात. खडाखडीत डोकं पुढं आणि हात खाली असतात, कारण समोरचा ठोसा मारणार नाही याची खात्री असते. रस्त्यावर त्याच डोक्यावर ठोसा किंवा गुडघा येतो. दुसरं म्हणजे पट (वाकून समोरच्याचे पाय धरून पाडणं). मातीत गुडघा टेकवून पटात शिरणं वेगळं आणि डांबरावर वेगळं. गुडघ्याची वाटी फुटली की तिथून पळताही येत नाही. शिवाय शिरताना डोकं त्याच्या काखेखाली बाहेरच्या बाजूला राहिलं, तर नवखा माणूससुद्धा गळा आवळू शकतो. तिसरी सवय सगळ्यांत खोल. चितपट केलं की कुस्ती संपते, शिट्टी होते, तुम्ही उठता. रस्त्यावर तो पाठीवर पडूनही तुमची कॉलर सोडत नाही, आणि तुम्ही खाली वाकलेले असताना त्याचा दोस्त मागून येतो.

ढाक आणि कलाजंग हे उचलून आपटायचे डाव तर रस्त्यावर विसराच. मातीत या डावानं टाळ्या मिळतात, फूटपाथच्या कडेवर डोकं आपटून माणूस मरतो. तुम्हाला कामाची गोष्ट आहे कब्जा. हात खेचून पाठीमागं जायचं, कमरेला मिठी घालून त्याचा तोल मोडायचा, दोस्तांच्या आणि तुमच्यामध्ये त्यालाच ठेवायचं, ढकलून द्यायचं आणि निघायचं. कब्जात ठोसे लागत नाहीत, तुम्ही उभे राहता आणि तुमचे डोळे मोकळे असतात.

एमएमएसाठी तालीम सोडायची गरज नाही. तीन महिने बॉक्सिंगचं पायाभूत शिका : हात वर ठेवणं, डोकं झाकणं, सरळ डावा ठोसा. मग तालमीतच एक सराव लावा. जोडीदाराच्या हातात १६ औंसाचे ग्लोव्हज. त्यानं चेहऱ्यावर फक्त हलके ठोसे मारायचे, तुम्ही हात वर ठेवून अंतर मिटवायचं आणि कब्जा घ्यायचा. दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये मिनिटभर दम. गरम पाण्यात मऊ करून दातांना बसवायचा गार्ड खेळाच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तो घातल्याशिवाय हा सराव नको. आणि जोडीदाराला जाड शर्ट घालू द्या. उघड्या, मातीनं माखलेल्या अंगाची तुम्हाला सवय आहे. कॉलर आणि बाही धरता येते तेव्हा कुस्ती बदलते, तुमच्या बाजूनं आणि त्याच्याही.

प्रश्न : होला मोहल्ल्यात गतका बघून शिकावंसं वाटतंय. मर्दानी खेळातली लाठीही शिकवणारे आहेत. स्वसंरक्षणाला यातलं काय उपयोगी? लाठी गाडीला बांधून ठेवली तर चालते का? — नांदेड

उत्तर : नांदेडला राहून गतका, ही शिखांची काठीची युद्धकला, शिकायची संधी सोडू नका. खेलो इंडिया युवा स्पर्धेत आता गतक्याचा समावेश आहे, म्हणजे ही कला मिरवणुकीपुरती राहिलेली नाही. पण शिकताना फिरवणं आणि लढत यांतला फरक धरून ठेवा. काठी गरगर फिरवल्यानं मनगट आणि खांदा तयार होतो, प्रेक्षक खूश होतात. अंतराचा अंदाज आणि पैंतरा मात्र फरी (छोटी ढाल) आणि काठी घेऊन समोरासमोरच्या लढतीतूनच येतो. आपल्या मर्दानी खेळातल्या फरी-गदक्याचंही तेच. २०२४ साली राज्यशस्त्राचा मान मिळालेला दांडपट्टा जरूर शिका, पण तो वारसा म्हणून. स्वसंरक्षणाशी त्याचा आज संबंध नाही.

लाठीचा आहे, विशेषतः शेताच्या वाटेवर आणि कुत्र्यांच्या टोळीसमोर. भरीव बांबूची घ्या, उंची नाकापर्यंत, जाडी अशी की मुठीत अंगठा बोटांना टेकला पाहिजे. पेरांजवळ बारीक तडा आहे का, नख फिरवून बघा. तडा गेलेली लाठी आपटली की फाकते आणि स्वतःच्याच हाताला लागते. पाच फुटी लाठी फिरवायला चारही बाजूंनी तीन मीटर मोकळी जागा लागते. घराच्या बोळात, एसटीत, गर्दीत ती मिळत नाही. म्हणून मधोमध दोन्ही हातांनी धरून टोकानं छातीत किंवा पोटात रेटणं आधी शिका.

गाडीला बांधण्याबद्दल : सणावाराला, मोर्चाच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चे आदेश निघतात. त्यात लाठ्याकाठ्या, शस्त्रं बाळगायलाही बंदी असते. आदेश वर्तमानपत्रात छापून येतो, तो वाचत जा. तलवार, खंजीर, भाला यांची गोष्ट आणखी गंभीर. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं असलेली धारदार हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलंय. शीख बांधवांच्या कृपाणाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २५चं संरक्षण आहे, ते इतरांना लागू होत नाही.

प्रश्न : रीलमध्ये चाकू हिसकावण्याचे डाव दाखवतात. ते शिकावेत का? — बीड

उत्तर : पांढरा बनियन घाला, मित्राच्या हातात लाल मार्कर द्या आणि सांगा, हा चाकू आहे, मला दहा सेकंद भोसकत राहा. रीलमधल्यासारखा एकदाच हात पुढं करून थांबायचं नाही. नंतर बनियनवरच्या रेघा मोजा. दुसरा पुरावा लागणार नाही. डेनिस ट्यूलर या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकानं १९८३ साली दाखवून दिलं की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात डाव आठवतसुद्धा नाही.

पैसे मागत असेल तर पाकीट त्याच्या हातात न देता बाजूला फेका आणि उलट्या दिशेनं पळा. पळता येत नसेल तर मोटारसायकल, टेबल, जे असेल ते मध्ये घ्या. कोंडीत सापडलात आणि अंगावर आलाच, तर चाकूवाल्या एकाच हाताला दोन्ही हातांनी मिठी मारून तो त्याच्या किंवा स्वतःच्या अंगाला दाबून धरायचा. त्यातही कापणार, हे गृहीत धरा. जखम दाबून धरा, १०८ला फोन करा. चाकू शरीरात रुतला असेल तर उपसू नका.

प्रश्न : समोरच्याला मारलं आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर केस आपल्यावरच होते म्हणतात. ब्लॅक बेल्टवाल्यांची पोलिसात नोंद लागते हेही ऐकलंय. — जालना

उत्तर : नोंदीची गोष्ट निव्वळ अफवा आहे. असा कायदा भारतात नाही.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४मध्ये आहे. जुन्या दंडसंहितेत तो ९६ ते १०६मध्ये होता. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराच्या बचावासाठी तो वापरता येतो. मर्यादा दोन. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडं जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क शाबूत राहतो असे प्रसंग कलम ३८मध्ये मोजून दिलेत. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला हे त्यातले काही.

लोक अडकतात ते वेळेवर. धोका असेपर्यंतच हक्क असतो. तो पडला, चाकू दूर गेला, तो पळू लागला, आणि तुम्ही मागं धावून दोन लाथा जास्त घातल्यात, तर त्या दोन लाथा बचावात मोजल्या जात नाहीत. म्हणून सुटलात की तिथून निघा, ११२ला स्वतः आधी फोन करा, अंगावरचे वळ सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे ठामपणे सांगा.

प्रश्न : मुलाला नोकरीत क्रीडा आरक्षणाचा फायदा व्हावा म्हणून स्वसंरक्षणाचा कोर्स लावला तर? — धाराशिव

उत्तर : होणार नाही. शासकीय नोकरीतलं पाच टक्के आरक्षण मान्यताप्राप्त खेळातल्या ठरावीक पातळीवरच्या कामगिरीला आहे. कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग, तायक्वांदो यांतलं काही निवडा आणि संघटना मान्यताप्राप्त आहे का ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. प्रमाणपत्राची पुढं पडताळणी होते.

प्रश्न : वय ५४, गुडघे दुखतात. पहाटे फिरायला एकटीच जाते. मला आता काय शिकता येईल? — अंबाजोगाई

उत्तर : ताई, पडायला शिका. पहाटे गळ्याला हात घालणाऱ्यापेक्षा अंगावर येणारं कुत्रं आणि खड्ड्यात मुरगळणारा पाय यांची गाठ पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. तोल गेला की आपण हात मागं टेकतो आणि मनगट मोडतं. ज्युडोत पहिल्याच दिवशी शिकवतात ते असं : हनुवटी छातीला, पाठ गोल, श्वास सोडत मागं जायचं आणि दोन्ही हात अंगापासून तिरके पसरून तळव्यांसकट जमिनीवर आपटायचे. तुम्ही गादीवर आडवं पडून फक्त हात आपटण्यापासून सुरुवात करा, मग बसल्या जागेवरून. उभ्यानं करू नका.

मिरचीचा स्प्रे ठेवायचा तर तो पर्समध्ये नको, हातात हवा. पल्ला दोन-तीन मीटर, वारा तोंडावर असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येतो. आणल्यावर एकदा मोकळ्या मैदानात मारून बघा आणि बाटलीवरची मुदत तपासा. एसटीत, रिक्षात मारू नका. मंगळसूत्र ओढताना प्रतिकार करू नका, मान कापली जाते.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत मुलींच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाचे तीन महिने मिळालेत. चाळीस मुली, आठवड्याला दोन तासिका, मॅट नाही, पत्र्याची शेड. काय शिकवून घ्यावं? — शिक्षिका, हिंगोली

उत्तर : चोवीस तासिका म्हणजे कमी नाहीत, फक्त प्रकार वाढवू देऊ नका. प्रशिक्षक बहुधा कराटेचा असेल आणि त्याला शेवटी एका रांगेत काता बसवून पाहुण्यांना दाखवायचा असेल. तेवढं टाळा. पाचच गोष्टी ठरवा : आवाज आणि अंतर, मनगट सोडवणं, तळहाताचा फटका आणि नडगीवर लाथ, मागून मिठी मारली तर सुटणं, पडणं. प्रत्येक तासिकेत पाचही थोडे थोडे यायला हवेत. दोन आठवडे एकच डाव करून पुढं गेलात, तर पहिला विसरला जातो.

ओरडणं आधी घ्या. मुलींना ते सर्वांत अवघड जातं आणि त्याला मॅट लागत नाही. नुसतं ‘वाचवा’ नको. ‘हात सोड, मी ओळखत नाही तुला’ असं वाक्य हवं, म्हणजे बघणाऱ्यांना हे घरातलं भांडण नाही हे कळतं. पडणं लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात घ्या, आधी वाळू फावड्यानं उकरून मोकळी करून. फटक्यांसाठी पोतं भरायचं ते जुन्या कपड्यांनी. वाळू भरली तर ती तळाशी बसते, खालचा भाग दगडासारखा होतो आणि मनगटं मुरगळतात.

मार्चनंतर शेडमध्ये दुपारी काहीही घेऊ नका, सकाळी सातची वेळ मागून घ्या. उपाशी येणाऱ्या मुली चक्कर येऊन पडतात, त्यामुळे सुरुवातीला विचारा आणि साखर-मीठ-पाणी तयार ठेवा. प्रशिक्षक पुरुष असेल तर डाव दाखवताना जोडीला तुम्ही स्वतः उभ्या राहा, मुलीला नको, आणि एकही तासिका तुमच्याशिवाय होऊ देऊ नका. एक पूर्ण तासिका फक्त बोलण्याची ठेवा : शाळेत कुणाला सांगायचं, मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक कधी लावायचा, एसटीत कंडक्टरला काय म्हणायचं.

जोड्या दर तासिकेला बदला, नाहीतर मैत्रिणी एकमेकींना सोडून देतात. शेवटच्या दोन तासिकांत ठरलेला डाव नको. मुलगी डोळे मिटून उभी राहील, जोडीदारीण मनगट, केस, ओढणी किंवा मागून मिठी यांतलं काहीही धरेल, आणि मुलीनं डोळे उघडून पाच सेकंदांत काहीतरी करायचं. ज्यांना जमलं नाही त्यांची नावं लिहून ठेवा आणि उरलेल्या वेळात त्यांचीच पुन्हा घ्या.